काचेला काही चिकटत नाही

तार काढायचा दिवस हा आमच्या धंद्यातला सणाचा दिवस. दीड-दोन वर्षं तोंडात तारा घेऊन हिंडलेलं पोर खुर्चीत बसतं, मी पक्कडीने एकेक बटण दाबून सोडवतो, उरलासुरला चिकटा घासून काढतो, आणि पोराची जीभ आपोआप दातांवरून फिरायला लागते. "लीसुं लागे छे, साहेब!" म्हणजे गुळगुळीत लागतंय. सगळी पोरं हेच म्हणतात. मग हातात आरसा. आई पर्समधून पेढ्यांचा डबा काढते. आमच्या रेखाबेन, माझ्या मदतनीस, गेली कित्येक वर्षं तोच एक विनोद करतात, "हस हस, नाहीतर साहेब परत लावतील!" आणि त्यावर सगळे दरवेळी नव्याने हसतात.

आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी "दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा" असा फोन आला, तेव्हा मी या सणाच्या दिवसावरच लिहायला बसलो. दोन पानं झालीही. पण लिहिताना एकाच मुलीचा तार काढायचा दिवस मधे मधे येत राहिला. त्या दिवशी पेढ्यांचा डबा पर्समध्येच राहिला होता. ती दोन पानं मी फाडली. गमतीजमती आहेत, त्याही येतील. पण सांगायचं आहे ते दुसरंच, आणि ते मी आजवर घरातही धड सांगितलेलं नाही. मी मुळात बोलणारा माणूस नव्हे. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावतो, स्वतःचं मिटून ठेवतो.

आधी काम समजावून सांगतो. वाकडा दात सरळ करायचा तर त्याला हळूहळू ढकलावं लागतं. त्यासाठी प्रत्येक दाताच्या पुढच्या अंगाला एक छोटी चौकट चिकटवतात. तिला आम्ही ब्रॅकेट म्हणतो, पेशंट बटण म्हणतात. बटणांच्या खाचेतून तार जाते. तार खाचेत धरून ठेवायला प्रत्येक बटणाला इवलीशी रबरी रिंग. तार सरळ व्हायला बघते, तिच्यामागे दात जातो. बस, एवढंच. बाकीचं सगळं म्हणजे धीर आणि सफाई.

सफाई अशासाठी की गुळगुळीत दातावर आपण चौकट, तार, रबर असा सगळा पसारा मांडून ठेवलेला असतो. घरात नवी मांडणी आणली की तिच्या मागे धूळ साठते, तसं. फक्त इथली धूळ जिवंत असते. तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात. विरजणाला जसा थोडा वेळ निवांत मिळाला की दही लागतं, तसं या जंतूंना अडोसा आणि निवांतपणा मिळाला की ते दातावर साय धरतात. आपण खाल्लेलं गोड ते खातात आणि आंबट सोडतात. त्या आंबटाने दाताचा वरचा कडक थर विरतो. आधी खडूने ओढल्यासारखा पांढरा डाग पडतो, मग तो तपकिरी होतो, मग तिथे खड्डा. पांढऱ्या डागापर्यंत दात वाचवता येतो. खड्डा पडला की सिमेंट भरायचं.

बटणं तीन तऱ्हेची. स्टीलची, सिरॅमिकची म्हणजे चिनी मातीच्या जातीची, आणि प्लॅस्टिकची. स्टील दिसतं, सिरॅमिक दाताच्या रंगात मिसळून जातं, प्लॅस्टिक स्वस्तात मिसळतं आणि लवकर पिवळं पडतं. शिकत असताना माझ्या प्रबंधाचा विषय नेमका हाच होता : कुठल्या बटणावर जंतू जास्त धरतात. मित्रांच्या थुंकीत मी तिन्ही तऱ्हांची बटणं बुडवून ठेवायचो, मग ती धुऊन, खरवडून, काचेच्या बशीत जंतू वाढवायचो आणि ठिपके मोजायचो. हॉस्टेलमधे मला "थुंकीवाला" म्हणत. खूप मोजलं. आणि निघालं काय, तर कधी स्टीलवर जास्त, कधी सिरॅमिकवर. प्लॅस्टिकला ओरखडे गेले की त्याची दशा वाईट, एवढंच पक्कं. बाकी बटण कुठलंही असो, त्याच्या कडेला जिथे चिकटा संपतो आणि दात सुरू होतो त्या पायरीवर, आणि रबराच्या रिंगेखाली, जंतू मनसोक्त. आमच्या सरांनी तोंडी परीक्षेत विचारलं, "मग पेशंटला काय सांगशील? कुठलं बटण स्वच्छ?" मी म्हटलं, "एकही नाही सर. ब्रश स्वच्छ." सर खूश झाले होते.

हे मी मुद्दाम लिहितोय. मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

बडोद्यात दवाखाना टाकला तो नागरवाड्याच्या तोंडाशी. सुरुवातीची वर्षं मजेत गेली. नवरात्र जवळ आलं की कॉलेजच्या मुली यायच्या, "साहेब, गरब्यापुरती लाल-हिरवी रबरं काढा, पारदर्शक लावा." लावायचो. दुसऱ्याच दिवशी आपल्या मराठी घरांतल्या मुली परत. आईच्या हातची आमटी खाल्लेली, आणि हळदीने सगळी रबरं पिवळीधम्मक. एक मुलगी तर रडत आली होती, "चणियाचोळी गुलाबी आहे हो काका!" रेखाबेन तिला म्हणाल्या, "मग नऊ दिवस भाखरी आणि दूध खा, नाहीतर चोळी पिवळी शिव." माझ्या डोक्यात मात्र यायचं की हळद दिसते म्हणून ही धावत आली. जंतूंना रंग असता तर माझं काम किती सोपं झालं असतं.

एक जोशीकाका होते, रिफायनरीत नोकरीला. पन्नाशीनंतर त्यांना दात सरळ करायची हौस आली. मित्र "घोड्याला लगाम घातला" म्हणून चिडवत. त्यांनी सगळ्यात स्वस्त स्टील घेतलं. पण डबा खाल्ला की प्लँटच्या बेसिनपाशी उभं राहून, भिंग लावून, एकेका बटणाभोवती ब्रश फिरवायचे. तार काढली तेव्हा त्यांचे दात शिंपल्यासारखे निघाले. "डॉक्टर, व्हॉल्व्ह साफ करण्यात जन्म गेला माझा. हे तर चिल्लर," म्हणाले. माझा प्रबंध या गृहस्थांनी न वाचता सिद्ध करून दाखवला होता.

आता हेतवी.

हेतवी बडोद्याच्या कडेच्या छाणीची. जैन कुटुंब. वडिलांचं छोटं वर्कशॉप, घरात आई भावनाबेन, आणि आजी, जिला सगळे बा म्हणत. हेतवी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. वरचे दात पुढे आलेले, एकावर एक चढलेले. ती देरासरात, म्हणजे त्यांच्या देवळात, स्तवनं गायची. भावनाबेन सांगत होत्या की सणाला हेतवी गाणार असली की बाजूच्या सोसायटीतल्या बायकासुद्धा येतात. "पण साहेब, गाताना ही तोंडापुढे हात धरते. सांगा, हाताआडून कधी गाणं होतं?" हेतवी लाजून हसली, आणि हसतानाही हात तोंडापुढे. दिसणार नाही अशी तार हवी होती. मी सिरॅमिक सांगितलं.

त्यांच्याशी माझं बोलणं गुजरातीतच होई. इथे मराठीत लिहितोय, पण त्यांचा एक प्रश्न मला शब्दशः पाठ आहे. भावनाबेन म्हणाल्या, "साहेब, एक विचारायचं होतं. या फागणात हेतवी वर्षीतप धरणार आहे."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. फागण म्हणजे आपला फाल्गुन, आणि वर्षीतप म्हणजे वर्षाहून जास्त काळ एक दिवस उपास, एक दिवस जेवण. उपासाच्या दिवशी फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत. दुसरं काही तोंडात जात नाही, म्हणून दातही घासत नाहीत. जेवणाच्या दिवशी दोनदाच बसून जेवायचं. पुढच्या वर्षीच्या अखात्रीजेला, म्हणजे आपल्या अक्षय तृतीयेला, पारणं. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. जन्म बडोद्यात गेला, शेजारपाजार जैनांचा. तप करणाऱ्याला "शाता मां छो?", सुखात आहात ना, असं विचारायचं हेसुद्धा मी लहानपणीच शिकलो.

भावनाबेन पुढे म्हणाल्या, "उपासाच्या दिवशी ही दात घासणार नाही. त्याने तारेला काही होत असेल तर आपण पारण्यानंतर लावू. हिचं कुठे वय चाललंय?"

उत्तर त्यांनीच माझ्या हातात आणून ठेवलं होतं. मी फक्त "हो, तसंच करू" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "काही काळजी नको, भावनाबेन. हे सिरॅमिक आहे, काचेसारखं. काचेला काही चिकटत नाही."

हे वाक्य माझं नव्हतंच. सामान पुरवणारा एक माणूस यायचा, तो नखाने बटण वाजवून दाखवायचा : "काच छे साहेब, काच!" त्याच्या तोंडून ऐकताना मी मनात हसलो होतो. पण वाक्य सोयीचं. आयांना पटकन पटतं. हळूहळू ते माझ्या तोंडात बसलं, आणि प्रबंधातलं वाक्य, "एकही नाही सर", कुठे गेलं ते कळलं नाही.

का म्हणालो, याचा मी खूप विचार केलाय. आलेला पेशंट वर्षभरात दुसरीकडे जाईल ही धास्ती होती. ती लपवत नाही. पण तेवढंच नव्हतं. आपण मराठी माणसं इथे पिढ्यान्पिढ्या राहिलो ते दुसऱ्याच्या देवाधर्मात नाक न खुपसता. "तुमच्या उपासाने दात जातील" हे एका जैन आईला सांगायचं म्हणजे मला उद्धटपणा वाटला. तिने स्वतः विचारलं होतं, तरी वाटला. त्या सभ्यतेच्या आड माझा भित्रेपणा छान बसून गेला.

तार लागली. फागणात तप सुरू झालं. हेतवी दर महिन्याला जेवणाच्या दिवशी यायची. मी विचारायचो, "शाता मां?" ती म्हणायची, "देवगुरु पसाय." देव-गुरूंच्या कृपेने. चेहरा दिवसेंदिवस बारीक आणि उजळ होत चाललेला. दात भराभर ओळीत येत होते. तरुण हाड, फार सुंदर काम होत होतं. मी त्या कामाच्या प्रेमात होतो, हेही सांगून टाकतो.

पावसाळ्याच्या सुमाराला हिरड्या सुजलेल्या दिसल्या. ब्रश लावला की रक्त. मग एका महिन्यात वरच्या पुढच्या दोन दातांवर, बटणाच्या हिरडीकडच्या कडेला, खडूची बारीक रेघ. सिरॅमिक पांढरट, डागही पांढरा, पटकन कळणारा नव्हता. तरी रेखाबेनना कळला. "साहेब, आ सफेद शुं छे?"

मी म्हटलं, "लाइटमुळे दिसतंय."

उपाशी तोंडात थुंकी कमी होते. थुंकी म्हणजे तोंडाचा घरगडी, तोच रजेवर. एक पूर्ण दिवस आणि दोन रात्री त्या सायीला कुणी हात लावत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पारणं म्हणून सकाळीच गूळ-तुपाची राब म्हणजे गोड पेज, शिरा. हे सगळं मला खुर्चीत बसल्या बसल्या दिसत होतं. त्या दिवशी मी बटणं काढून टाकायला हवी होती. "माझं चुकलं, आता थांबू, पारण्यानंतर पुन्हा लावू," एवढं म्हणायचं होतं. मी दातांना फ्लोराइडचा लेप लावला आणि म्हणालो, "ब्रश बराबर करजे, बेटा." ती म्हणाली, "जेवणाच्या दिवशी तीनदा करते, साहेब." तिचं खरं होतं. ते दिसत होतं मला. जिथे ब्रश पोचत होता तिथे दात स्वच्छ होता.

नंतर दर महिन्याला मी लेप लावत गेलो आणि वाट बघत गेलो. कशाची, कोण जाणे. रेघा रुंद होत गेल्या.

अखात्रीजेला पारण्याचं आग्रहाचं बोलावणं आलं. मी टाळायला बघत होतो, पण भावनाबेन स्वतः दवाखान्यात येऊन सांगून गेल्या. छाणीला मांडव, माणसांची ही गर्दी. हेतवी पाटावर बसलेली, गळ्यात हार, कपाळाला केशर. वर्षीतपाचं पारणं उसाच्या रसाने होतं. प्रत्येक नातेवाईक येतो, छोट्या चांदीच्या घड्यातून तपस्वीच्या तोंडात रसाचा एकेक घोट देतो. भावनाबेननी मला हाताला धरून पुढे नेलं आणि बांना मोठ्याने म्हणाल्या, "बा, हेच ते आपले डॉक्टर साहेब. यांनी धीर दिला म्हणून तप निर्विघ्न झालं."

बा उठून उभ्या राहायला लागल्या. मी त्यांना बसवलं. घडा माझ्या हातात आला. हेतवीने तोंड वर केलं, उघडलं. दुपारचं ऊन मांडवाच्या पांढऱ्या कापडातून सरळ तिच्या दातांवर पडलेलं. मला सगळे डाग दिसत होते, एकेक. मी त्यांच्यावर उसाचा रस ओतला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, कसं झालं. म्हटलं, छान झालं.

पुढच्या काही महिन्यांत तार काढायची वेळ आली. भावनाबेन पेढे घेऊन आल्या होत्या. डबा पर्समधून अर्धा डोकावत होता. मी एकेक बटण सोडवायला लागलो. बटणाखाली चिकट्याने झाकलेला दात तसाच राहतो, निरोगी. त्यामुळे प्रत्येक दाताच्या मध्ये एक स्वच्छ, चमकदार चौकोन निघत होता, आणि त्याच्या भोवती खडूसारखी पांढरी चौकट. दोन दातांवर ती तपकिरी. एका ठिकाणी माझ्या हत्याराचं टोक हलकेच लागलं आणि आत गेलं. तिथे दात उरलाच नव्हता. वरचे सहा दात, एका ओळीत, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सरळ ओळींपैकी एक.

रेखाबेननी विनोद केला नाही. त्यांनी आरसा ट्रेमध्येच उपडा ठेवला. तो भावनाबेननीच उचलून मुलीच्या हातात दिला.

हेतवी बघत राहिली. जीभ दातांवरून फिरली नाही तिची.

"आ शुं, साहेब?" भावनाबेन म्हणाल्या.

आमच्या धंद्यात यावर एक उत्तर तयार असतं. प्रत्येक दवाखान्यात असतं. "ब्रश नीट झाला नाही." पेशंटच्या हातात ब्रश असतो, म्हणजे दोष त्याच्याच हातात. मी ते उत्तर दिलं. आणि वर आणखी एक गोष्ट केली, जी पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही. मी म्हणालो, "उपासामुळे झालं हे. मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं ना, असल्या उपासात धोका असतो म्हणून?"

मी सांगितलं नव्हतं. मी उलट सांगितलं होतं.

भावनाबेन माझ्याकडे बघत राहिल्या. आठवायचा प्रयत्न करत होत्या, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाल्या, "हशे, साहेब. असेल. माझ्याच ध्यानात राहिलं नसेल."

हेतवी म्हणाली, "पण साहेब, तुम्हीच तर..." आणि थांबली. मी हत्यारं गोळा करत होतो. मी मान वर केली नाही.

बाई माणसाला स्वतःच्या कानांवर संशय यायला लावणं किती सोपं असतं. डॉक्टरने एकदा ठामपणे म्हणायचं, बस.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, बरंचसं रेखाबेनकडून, कारण त्यांची बहीण छाणीलाच राहते. घरात वडील भावनाबेनवर भडकले : डॉक्टरने बजावलं होतं आणि तू अर्धवट ऐकून आलीस, वर मांडवात मिरवलंस! बा म्हणाल्या की तपाने कुणाचं वाईट होत नसतं, पोरीच्या मनातच काही खोट असली पाहिजे. हे त्या म्हाताऱ्या बाईने रागाने म्हटलं असेल, की तपाची बाजू राखायला, मला ठाऊक नाही. पण हेतवीने ते ऐकलं. त्यानंतरच्या पर्युषणात, म्हणजे जैनांच्या पावसाळ्यातल्या उपासांच्या पर्वात, तिने उपास केला नाही. मग देरासरात जाणं सुटलं. गाणं त्याआधीच सुटलं होतं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिचे दात भरून दिले, चांगले दिले. पण रेखाबेन म्हणाल्या, "आता हात नाही धरत तोंडापुढे. तोंडच उघडत नाही."

मी दवाखाना चालवत राहिलो. "काच" हा शब्द टाकला. आता मी येणाऱ्या प्रत्येकाला इतकं घाबरवतो की चारातले दोन परत येत नाहीत. रेखाबेन टोमणा मारतात, "साहेब, तुम्ही तार लावता की शिक्षा सांगता?" उपास करणाऱ्याला स्पष्ट सांगतो, आधी पारणं, मग तार. एकानेही वाईट वाटून घेतलं नाही आजवर. एकानेही नाही. एक साधू महाराज तर आपल्या भाच्याला घेऊन आले होते, त्यांनीच आधी विचारलं, "तप आधी की तार आधी?" इतकं सोपं होतं ते.

यंदा पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी भावनाबेनचा फोनवर मेसेज आला. त्या दिवशी, संवत्सरीला, जैन लोक वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागतात : मिच्छामि दुक्कडम्. भावनाबेन हा मेसेज मला दर वर्षी पाठवतात. दर वर्षी मी हात जोडल्याचं चित्र उलट पाठवतो. ती बाई माझी क्षमा मागते आणि मी ती देतो. यंदा बोट चित्रावर नेलं आणि पुढे जाईना. दुसऱ्या दिवशी मी छाणीला गेलो.

बा आता नाहीत. वडील वर्कशॉपवर होते. भावनाबेननी नेहमीसारखं "आवो आवो, साहेब" केलं. मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर सांगितलं नसतं.

मग त्यांनी विचारलं ते दातांबद्दल नव्हतं. "म्हणजे तुम्ही मला सांगितलं नव्हतं ना? धोका आहे म्हणून?"

"नव्हतं."

"आणि मी विचारलं होतं?"

"विचारलं होतं. पारण्यानंतर लावू का, असंही तुम्हीच म्हणाला होता."

त्या पदराने तोंड पुसत राहिल्या. "मी घरात किती वेळा म्हटलं की मी विचारलं होतं. कुणी मानलं नाही. मग मीच मानेनाशी झाले." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पारण्यानंतर लावली असती तर?"

"तर बहुधा काही झालं नसतं."

हेतवी आतून आली. एका हिशेबनिशीच्या ऑफिसात नोकरी करते, त्या दिवशी घरी होती. सगळं ऐकलं असावं. मला वाटलं होतं ती चिडेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. ती समोरच्या खुर्चीत बसली. बोलताना तिचे ओठ जेमतेम हलत होते.

"मी त्या दिवशी म्हणणार होते, साहेब. तुम्ही मान वर केली असती तर म्हटलंही असतं."

"माझं चुकलं, बेटा," मी म्हटलं. "मिच्छामि दुक्कडम्." आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द मी खरोखर म्हणत होतो.

भावनाबेन लगेच म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्, साहेब, आमच्याकडूनही." अगदी लगेच. रीतच तशी आहे. समोरच्याने म्हटलं की उलट म्हणायचं. त्यात माझी क्षमा किती आणि रीत किती, ते कळायला मार्ग नव्हता.

मी हेतवीकडे बघत होतो.

"कही दे, बेटा," भावनाबेन तिला म्हणाल्या. "साहेब घरी आलेत."

"मम्मी, ते म्हणायचं तर आधी प्रतिक्रमणाला बसावं लागतं. वर्षभराचं सगळं आठवून, आपलं काय चुकलं ते मोजून मग म्हणायचं असतं. मी कुठे बसते आता?" मग माझ्याकडे वळून, काही राग न धरता, एखाद्या गिऱ्हाइकाला सामान संपल्याचं सांगावं तसं म्हणाली, "माझ्याकडे ते शब्द उरले नाहीत, साहेब. असते तर दिले असते."

भावनाबेन आणखी दोनदा म्हणाल्या, "कही दे ने, बेटा." हेतवीने ओठ मिटूनच नाही म्हणून मान हलवली.